वरच्याला काही कमी नाही

माझ्या सख्ख्या भावाची बातमी मला गिऱ्हाइकाकडून कळावी, याचाच मला पहिला राग आला. दुसरा राग बातमीचा होता. तो जरा नंतर आला आणि जास्त टिकला.

गिऱ्हाईक म्हणजे एक गुळगुळीत दाढी केलेला, हसतमुख माणूस. मी बॉयलरचा दाब बघत होते, तर हा काउंटरवर कोपर टेकून विचारतो, "ताई, कामगारांचे गणवेश धुवून मिळतील का? रोजचा ढीग असेल हं."

"का नाही मिळणार? हॉस्पिटलच्या चादरी धुतो आम्ही, गणवेशांचं काय घेऊन बसलात! कारखाना कुठला?"

"कारखाना नाही, दगडखाण. वरच्या टेकडीवर येतोय आम्ही. झऱ्याच्या माथ्यावरची सगळी उतरण भाडेपट्ट्यानं घेतोय. मालकांशी बोलणं झालंय, फक्त सही राहिलीय."

वरच्या टेकडीचा मालक म्हणजे माझा धाकटा भाऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि तुमचे गणवेश मी धुवायचे कशानं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो झरा आटल्यावर काय थुंकी लावून धुवू?"

तो हसला. म्हणाला, कंपनी टँकर पाठवेल. मी काउंटरची फळी उचलून बाहेर आले आणि त्याला दार दाखवलं. इस्त्रीच्या टेबलामागून आमचे हे पुटपुटले, "अगं, गिऱ्हाईक आहे." मी म्हटलं, "असेना." लग्नापासून ह्यांनी इस्त्रीखेरीज कशात लक्ष घातलेलं नाही, आणि त्या दिवशीही त्यांनी शहाण्यासारखं खालीच बघितलं.

आता आमच्या नदीचं सांगते, म्हणजे माझा राग कळेल. नदी निघते ती भावाच्या टेकडीतून. टेकडीवर दाट झाडं आहेत, पावसाचं पाणी अडावं म्हणून आडवे चर खणलेले आहेत, ओघळींमध्ये दगडी बांध आहेत. पाऊस तिथे जिरतो आणि मग वर्षभर झऱ्यातून हळूहळू बाहेर येतो. झऱ्याखाली पहिली माझी लाँड्री. माझ्याखाली गप्पीकाकांचं मत्स्यबीज केंद्र. काकांनी डास मारायला साऱ्या खोऱ्याच्या टाक्यांत गप्पी मासे सोडले आणि स्वतः मात्र बोलायचे कधी थांबले नाहीत, म्हणून ते नाव. त्यांच्याखाली मळेवाल्या मावशींचा भाजीचा मळा, आणि सगळ्यात शेवटी शहराचं पाणीपुरवठा केंद्र. टेकडी खणली की पाऊस गाळ घेऊन धावत सुटणार, आधी गप्पीकाकांची पिल्लं गुदमरणार, आणि उन्हाळ्यात आम्ही सगळे एका रांगेत कोरडे. एकाच्या सहीनं एवढं सगळं होणार होतं.

ह्या नदीसाठी आमची एक समिती आहे. तिची बैठक माझ्याच लाँड्रीत, चादरींच्या घड्या घालायच्या लांब टेबलावर भरते. सुरुवातीच्या बैठका म्हणजे नुसती रडारड असायची. जो तो आपलंच घोडं दामटायचा. मावशी म्हणायच्या माझ्या साबणानं त्यांची भाजी करपते, गप्पीकाका म्हणायचे मावशी रात्रीत पंप लावून पाणी पळवतात. एकदा मी टेबलावर हात आपटला आणि नियमच घालून टाकला. बसायचं ते नदीच्या क्रमानं. स्वतःसाठी कुणी काही मागायचं नाही, मागायचं ते आपल्या खालच्यासाठी. आणि एकदा मागितलं, की त्याचं उत्तर सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही.

लोक हसले, पण नियम चालला. खालच्यासाठी मागायचं तर त्याच्याकडे जाऊन बघावं लागतं ना! पुढे तेही आम्ही नियमात लिहून घेतलं. मी गप्पीकाकांच्या हौदांवर जाऊन बसले, तेव्हा मला कळलं की माझ्या सोड्यानं बोटाएवढी पिल्लं उताणी होतात. मग मी लाँड्रीमागे लव्हाळ्याचा वाफा केला. साबणाचं पाणी आता त्यातून गाळून, निवळून पुढे जातं. गप्पीकाका मळ्यात गेले आणि मावशींच्या पंपाची वेळ ठरवून आले. मावशींनी शहरासाठी आपल्या काठाची माती बांधून घेतली. दूरदूरचे लोक आमची पद्धत बघायला येतात, आणि मी त्यांना ती सांगताना छाती पुढे काढते, ते उगाच नाही.

शेवटचा उरतो शहरवाला. त्याच्याखाली कुणी नाही, म्हणून त्यानं सगळ्यात वरच्यासाठी मागायचं, असं ठरलं. पाणीपुरवठ्याचे जुने साहेब दर वेळी हात झटकून म्हणायचे, "वरच्याला काही कमी नाही." सगळे हसायचे. खरंच होतं ना, ज्याच्या दारातूनच पाणी निघतं त्याला कसली कमी? पुढे पुढे ते वाक्य म्हणजे चहाची खूणच झाली. साहेबांनी "वरच्याला" म्हणेपर्यंत आमचे हे उठून गॅस पेटवायचे.

तर, गिऱ्हाईक गेल्यावर मी भावाला फोन लावला.

"खाण देतोयस?"

"हो ताई."

"का?"

"बैठकीत बोलू." आणि त्यानं फोन ठेवला. माझा फोन तोवर असा कुणी ठेवला नव्हता.

मी वर गेले नाही. कुणी विचारलं असतं, तर म्हटलं असतं की रागाच्या भरात तोंडून काही जायचं, त्यापेक्षा नको. खरं म्हणजे चढ फार आहे आणि मला कामं फार असतात. मी बैठक बोलावली. सगळ्यांना बजावून सांगितलं की माझा भाऊ आहे म्हणून कुणी गप्प बसू नका, मी तर अजिबात बसणार नाही.

बैठकीला भाऊ वेळेवर आला. वाळला होता. डाव्या तळहाताला फडकं बांधलेलं होतं. काटा लागला असेल, असं मी मनात म्हटलं आणि पुढे झाले. तो आपल्या जागेवर, टेबलाच्या टोकाला बसला. नियमाप्रमाणे पहिलं बोलणं त्याचं आणि विषय मी.

"लाँड्रीच्या लव्हाळ्याचा खालचा अर्धा भाग गच्च झालाय," त्यानं सुरुवात केली. "मुळं काढून पुन्हा लावायला हवीत, नाहीतर येत्या उन्हाळ्यात पाणी कडेनं वाहील आणि साबण तसाच खाली जाईल. पाणी कमी झालं की त्याचा जडपणा वाढतो, मग बॉयलरला आतून खडूसारखा थर धरतो. तो खरवडायला ताई स्वतः आत उतरते. ह्या वयात तिनं उतरू नये, कुणीतरी दुसरं ठेवावं. आणि चादरींचं शेवटचं खळबळलेलं पाणी स्वच्छच असतं, ते पहिल्या धुण्याला पुन्हा वापरता येईल. त्यासाठी एक टाकी लागेल. ती समितीनं द्यावी."

मी बॉयलरमध्ये उतरते, हे ह्याला कुणी सांगितलं? मी तर आमच्या ह्यांनाही कळू देत नाही.

"एवढं सगळं माहीत आहे तुला," मी ओरडलेच, "आणि तरी माझ्या डोक्यावर खाण आणतोस? टाकीत काय दगड भरू?"

"ताई, माझ्याबद्दल मी बोलायचं नाही, असा नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात!"

"तो तूच घातलास," तो शांतपणे म्हणाला.

गप्पीकाकांनी मला खुणेनं खाली बसवलं. मग मी दात खाऊन गप्पीकाकांसाठी मागितलं, गप्पीकाकांनी मावशींसाठी, मावशींनी शहरासाठी. कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे भावाकडे बघत होते आणि तो टेबलावरच्या घडी घातलेल्या चादरीची किनार बोटानं सरळ करत होता.

शेवटी शहराची पाळी आली. जुने साहेब निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या होत्या, परीक्षा देऊन नेमल्या गेलेल्या. आम्ही त्यांचं नाव टाकीबाई ठेवलं होतं. आमच्या नियमाचा कागद आपणच मागून घेऊन त्यांनी वाचला होता, म्हणजे साहेबांनी कधी न केलेली गोष्ट. गप्पीकाका सवयीनं म्हणाले, "चला, वरच्याला काही कमी नाही. चहा टाका हो." आमचे हे उठले.

"बसा," टाकीबाई म्हणाल्या. "मला मागायचं आहे."

"कानामागून आली आणि तिखट झाली," गप्पीकाका माझ्या कानाशी पुटपुटले. टाकीबाईंना ते ऐकू गेलं, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"नियमात लिहिलंय, आधी जाऊन बघायचं. म्हणून मी परवा वर जाऊन आले. ह्यांनी मला चहा दिला, माझ्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण एकही तक्रार केली नाही. म्हणून मी जे पाहिलं तेच सांगते. आग पसरू नये म्हणून टेकडीभोवती गवत कापून मोकळी ठेवलेली पट्टी असते, ती अर्धीच कापलेली आहे. वरचे चर गाळानं भरलेत. ओघळीतले दोन बांध फुटलेत, त्यांचे दगड खाली पडलेत, आणि ते एकट्या माणसानं उचलण्याजोगे नाहीत. मागच्या महिन्यात खालच्या रस्त्यावरून कुणाची तरी ठिणगी उडाली होती. ह्यांनी ओली पोती घेऊन दिवसभर एकट्यानं आग झोडपली. त्या हाताला फडकं आहे ना, तो भाजलेला हात आहे. अजून भरला नाहीये."

बाई पुढे म्हणाल्या, "हे काम दोन माणसांचं होतं. ह्यांची पत्नी झऱ्याच्या कुंडातला गाळ काढताना घसरली, कंबरेचं हाड मोडलं. ती शहरात मुलीकडे आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय की पुन्हा कधीच चढायचं नाही. ह्यांनी खाली जावं तर टेकडी उघडी पडते, वर राहावं तर बायको तिकडे जीव टांगून बसते. कंपनी सपाटीवर, मुलीच्या घराजवळ घर देतेय. म्हणून सही. मला आमच्या वरच्यासाठी माणसं हवी आहेत."

माझी भावजय पडली, ते मला माहीत होतं. मी दवाखान्यात जाऊन आले होते, तिच्या उशाशी बसून माझ्याच बॉयलरचं गाऱ्हाणं सांगून आले होते. नंतर ऐकलं की तिला घरी सोडलं. घर म्हणजे टेकडीवरचं, असं मी धरून चालले. माझ्या घरापासून वरचं घर दिसतं. तिथे एकाच माणसाचा वावर आहे, हे मला दिसलं नाही आणि नव्यानं आलेल्या परक्या बाईला एका फेरीत दिसलं. त्या आगीचा धूरही मी पाहिला होता, आणि गवत जाळत असेल म्हणून सोडून दिला होता. मला इतकी लाज वाटली की राग कुणावर काढावा ते सुचेना. मग तो नेहमीप्रमाणे भावावरच निघाला.

"तोंडात मूग धरून बसला होतास? मला सांगता येत नव्हतं?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "ताई, दर बैठकीला ह्या टोकाला बसून मी वाट बघायचो. ह्या वेळी साहेब काहीतरी म्हणतील, असं वाटायचं. मग चहा यायचा."

मावशींनी पदर डोळ्याला लावला. आमचे हे किटली हातात धरून दारातच उभे होते.

मी उभी राहिले. "नियम असा आहे की उत्तर सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. मी उठलेय ती भांडायला, तेवढं चालतं. बोला आता."

बोलणं भराभर झालं. आमच्या खोऱ्याला एकदा काम दिसलं की ते करता येतं, ह्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. वरच्या टेकडीवर आळीपाळीनं प्रत्येकानं राहायचं आणि गवत, चर, बांध ही कामं सगळ्यांनी मिळून करायची. शहर जे पाणी पितं त्याच्या पाणीपट्टीतून टेकडीला दोन पगारी राखणदार द्यायचे. टाकीबाई म्हणाल्या, "मंजुरी लागेल. वेळ लागेल. पण मी ती घेते." ज्या सुरात त्या म्हणाल्या, त्यावरून मला वाटलं, ही बाई मंजुरी देणाऱ्याच्या दारात अंथरूण टाकून बसेल.

भावानं सगळं ऐकून घेतलं आणि पायात चप्पल घातली.

"चांगलं बोललात सगळे," तो म्हणाला. "पण कंपनीचा माणूस उद्या सकाळी कागद घेऊन येतोय, मी त्याला शब्द दिलाय. आणि बोलून गवत कापलं जात नाही." अंधार पडायच्या आत पोहोचायला हवं म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बॉयलर पेटवलाच नाही. आमचे हे घाबरून म्हणाले, "आणि चादरी?" मी म्हटलं, "हॉस्पिटलला फोन करा. म्हणावं, एक दिवस जुन्या चादरींवर झोपा, नाहीतर पुढची सगळी वर्षं मळक्याच चादरींवर झोपायचंय." लाँड्रीच्या सगळ्या बायका बरोबर घेतल्या. वाटेत गप्पीकाका भेटले, हौदात उतरायचे मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून. मावशी कोयत्यांची मोळी बांधून घेऊन आल्या होत्या. टाकीबाई आमच्याही आधी वर पोहोचल्या होत्या आणि भावाच्या अंगणात बसून बोटाला पट्टी गुंडाळत होत्या. त्यांनी कोयती आयुष्यात पहिल्यांदाच धरली होती.

भाऊ ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला नाही, 'या' म्हणाला नाही. मी त्याला काही विचारलं नाही. आम्ही थेट उरलेल्या पट्टीवर गेलो आणि गवताला भिडलो. मला वाटलं होतं, जी बाई ओल्या चादरींचे गठ्ठे उचलते तिला गवत काय जड! अर्ध्या तासात माझी पाठ बोलायला लागली. गप्पीकाका बुटांमुळे उतारावरून दोनदा घसरले आणि तेवढ्यापुरते गप्प राहिले.

कंपनीचा तो गुळगुळीत माणूस धापा टाकत वर आला तेव्हा भाऊ अजून ओट्यावरच होता. त्यानं कागद बाहेर काढले, पेन काढलं, आम्हाला बघून जरासा चपापला.

"हे काय चाललंय?"

"सहीचं बायकोला विचारून सांगतो," भाऊ म्हणाला. त्यानं फोन लावला आणि भाजलेल्या हातात धरता येईना म्हणून स्पीकर लावून ओट्यावर ठेवला. भावजयीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"झाली का सही?"

"नाही. ताई आलीय."

"वन्सं? वर? चढून?"

"सगळेच आलेत. गवत कापतायत." त्यानं मान उंचावून आमच्याकडे पाहिलं. "फार वाईट कापतायत."

ती म्हणाली, "वन्संना द्या."

मी कोयतीसकट गेले. म्हटलं, "तू इथे नाहीस, हे मला माहीत नव्हतं गं."

"ते असू द्या," ती म्हणाली. "मला खाण नको होती, वन्सं, कंपनीचं घर नको होतं. त्या झऱ्यात मी इतकी वर्षं हात घातलेत. आग लागली तेव्हा ह्यांनी मला फोन केला होता. मागे आगीचा आवाज येत होता आणि मी इथे खाटेवर. मला उठताही येईना. त्या रात्री मीच म्हटलं, देऊन टाका ती टेकडी. पुन्हा आग लागली तर हे हाक कुणाला मारतील, एवढंच सांगा मला."

"मला हाक मारेल," मी म्हटलं. "आणि आधी तर तो इथे नसेलच. पहिली पाळी माझी आहे."

ती रडायला लागली आणि फोन लेकीनं घेतला. भावानं कागद तसेच दुमडून त्या माणसाच्या हातात परत दिले. "शब्द मोडतोय, साहेब. मला माफ करा," एवढंच म्हणाला. तो माणूस नियम, वेळ, खर्च असं काहीबाही बोलत राहिला. मग गप्पीकाकांनी त्याला खाली पोहोचवायचं कबूल केलं आणि वाटभर माशांविषयी सांगितलं. तो पुन्हा आलेला नाही.

दुपारी भाऊ पिशवी भरून निघाला. पिशवीत दोन कपडे, मलमाची डबी आणि झऱ्याच्या पाण्याची एक बाटली. मी म्हटलं, निवांत जा, तिच्याजवळ बस, लाँड्री आमचे हे सांभाळतील. त्यांना इस्त्रीशिवाय काही येत नाही, पण शिकतील. तो मान डोलावून निघाला. दहा पावलं गेला आणि वळला.

"ताई, चर खालून उपसत येऊ नकोस. वरून खाली यायचं."

"बरं."

आणखी थोडा गेला, पुन्हा वळला. "वाऱ्याकडे तोंड करून उभी राहा. धुराचा वास आधी तिकडून येतो. आणि कोयती अशी नाही, अंगठा आत घे."

"जा रे बाबा!" मी ओरडले. "कळलं मला सगळं!"

त्यानं पाठ फिरवली. इतक्या वर्षांत तो टेकडी कुणाच्या तरी हाती देऊन, मागे न बघता, पहिल्यांदाच खाली उतरत होता. तो वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले. खरं सांगायचं तर मला काहीही कळलेलं नव्हतं. मग मी अंगठा आत घेतला आणि उरलेल्या गवताकडे निघाले.